व्हीलचेअर काठावरच राहते

पॅरिसमध्ये एकच मोकळा रविवार मिळाला आणि तो मी लूव्रवर खर्च केला नाही. ऑफिसमधल्या मंडळींनी मला चक्क वेड्यात काढलं! पण 1 सप्टेंबर 2024 ची ती सकाळ होती, पॅरालिम्पिक्स ऐन रंगात आलं होतं. गार द लेस्त स्टेशनवरून पी लाइनची लोकल पकडली आणि थेट वेअर-सूर-मार्न गाठलं. शहराच्या पूर्वेला, मार्न नदीच्या शेजारी, पट्टीने आखल्यासारखा लांबलचक तलाव. तिथे रोइंगच्या फायनल्स होत्या.

कारणं दोन. पहिलं, आपले ‘पुणेकर’. अनिता राजस्थानची, नारायणा कोंगनापल्ले आंध्रचा. पण दोघांचा सराव पुण्याच्या आर्मी रोइंग नोडमध्ये. नारायणा फौजी. 2015 मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये सुरुंगात त्याचा पाय गेला. 2023 च्या हांगझोऊ एशियन पॅरा गेम्समध्ये या जोडीने रौप्य मिळवलं होतं.

दुसरं कारण माझा मावसभाऊ. कॉलेजात आम्ही एका बोटीत होतो. मग त्याचा बाइक अपघात झाला, मणक्याला मार बसला आणि छातीखालचं सगळं बंद. सहा वर्षं झाली, नदीचा विषय निघाला की हा टीव्हीचा आवाज वाढवतो.

त्याला तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. पुण्यात दुपार, स्वारी जेवून आडवी झालेली. म्हटलं, फक्त बघ.

रोइंगचं खरं बळ पायांत असतं, म्हणून सीट रुळांवर सरकते. अनिता-नारायणाच्या पीआर-3 गटात ती सरकतेच. पीआर-2 मध्ये सीट स्थिर, काम कंबरेवरच्या धडाचं. आणि पीआर-1 मध्ये फक्त हात आणि खांदे. पाठीला टेकू, छातीच्या खाली पट्टा, आणि बोट कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंच्या रिगरना छोटे तरंगते पॉन्टून, लहान मुलांच्या सायकलला साइड व्हील्स असतात तसे. साधी एकट्याची बोट किमान 14 किलोची, ही 24 ची. अंतर मात्र सगळ्यांना सारखंच, 2000 मीटर. 2017 च्या आधी पॅरा रोइंगला 1000 च होतं.

मोठ्या स्क्रीनवर जेट्टी दिसली. तिथे एक रिकामी व्हीलचेअर. तिचा मालक पाण्यात.

‘‘बांधून बसवतात?’’ त्याने विचारलं. ‘‘आणि उलटली तर?’’

सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याने बोटीबद्दल काही विचारलं होतं. पट्टे वेल्क्रोचे असतात, बकल चालत नाही, एका हाताच्या एका झटक्यात सुटायलाच हवेत. हे सांगितल्यावर तो बराच वेळ गप्प. पीआर-1 मध्ये ब्रिटनचा बेंजामिन प्रिचर्ड जिंकला. 2016 च्या सायकल अपघातात त्याचाही मणका दुखावलेला. आमची जोडी बी फायनलमध्ये दुसरी, म्हणजे एकूण आठवी. त्यांचा प्रकार पॅरालिम्पिक्समध्ये पहिल्यांदाच होता. मी घसा बसेपर्यंत ओरडलो.

परतताना मेट्रोचे जिने चढता चढता लक्षात आलं, व्हीलचेअरवाल्याला इथे पूर्ण सोयीची मेट्रो लाइन एकच, 14 नंबरची. म्हणजे बोटीत बसवायची अक्कल आहे, बोटीपर्यंत पोचवायची नाही. आपण तरी काय सांगणार? रात्री त्याचा मेसेज: ‘‘क्लबच्या घाटाला किती पायऱ्या आहेत, आठवतंय?’’

सतरा. पुण्यात आल्यावर पहिल्याच रविवारी मोजल्या. एक फूट उंचीला बारा फूट उतार लागतो, हे त्याने आधीच शोधून ठेवलेलं. सहा-सहा इंचांच्या सतरा पायऱ्या, म्हणजे साडेआठ फूट, म्हणजे एकशेदोन फुटांचा रॅम्प! मी खाली जलपर्णीच्या वासात टेप धरून उभा, तो वरून ओरडतोय, ‘‘मध्ये वळण घ्यावं लागेल रे, नाहीतर खुर्चीसकट थेट पाण्यात!’’

वॉचमन धावत आला. ‘‘साहेब, इथे काय बांधायचंय?’’