हेंडनमध्ये मत देताना

हेंडनमध्ये राहणाऱ्याला ‘माझ्या एका मताने काय होणार’ असं म्हणता येत नाही. उत्तर लंडनमधल्या या मतदारसंघात 2010 साली हुजूर पक्षाचा उमेदवार अवघ्या 106 मतांनी निवडून आला. मी तेव्हा इथे नवीन होते आणि पासपोर्ट भारताचाच होता. तरी यादीत नाव होतं, कारण ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. 106 हा आकडा तेव्हापासून डोक्यात बसला. इथे लढत दोघांतच आहे, हुजूर आणि मजूर. हुजूर नको असतील तर मजूर पक्षावर फुली मारायची, तिसऱ्याला मत म्हणजे मत वाया. 2015, 2017, 2019, तिन्ही वेळा मी तेच केलं आणि इतरांनाही तेच पटवत राहिले. ‘जो येऊ शकत नाही त्याला कशाला मत देतेस गं,’ हे वाक्य मीच मैत्रिणींना किती वेळा ऐकवलं असेल.

2024 साली मी मजूर पक्षाला मत दिलं नाही.

कारण घडलं एप्रिलमध्ये. परदेशातल्या जोडीदाराला इथे आणायचं तर इथल्या माणसाची वार्षिक कमाई किमान 18,600 पौंड असावी, अशी अट होती. सरकारने ती एकदम 29,000 वर नेली. आमच्या ओळखीतली एक मुलगी इथेच वाढलेली, पाळणाघरात काम करते, लग्न पुण्यातल्या मुलाशी ठरलेलं. तिचा पगार त्या रेषेच्या बराच खाली. मुलगा पुण्यात तिच्यापेक्षा चांगलं कमावतो, पण त्याचा तिथला पगार या हिशेबात धरत नाहीत. गाठीशी मोठी शिल्लक असेल तर वेगळी वाट आहे, पण पाळणाघरात काम करणाऱ्या मुलीकडे ती कुठून येणार? दिवसभर दुसऱ्यांची मुलं सांभाळणाऱ्या मुलीने स्वतःचा संसार कुठे मांडायचा, हे सरकार तिची पगाराची पावती बघून ठरवणार. मला ते सहन झालं नाही, आजही होत नाही.

ही वाढ हुजूर पक्षाच्या सरकारने केली होती, म्हणजे माझा जुना हिशेब आणखी पक्का व्हायला हवा होता. पण मजूर पक्षाच्या जाहीरनाम्यात ती रक्कम खाली आणण्याचं वचन मला सापडेना. लिबरल डेमोक्रॅटांच्या जाहीरनाम्यात ही वाढ रद्द करू असं लिहिलेलं होतं.

त्याच सुमारास मजूर पक्षाची एक कार्यकर्ती दारात आली. तिच्या यादीत माझ्या नावापुढे ‘आपली’ अशा अर्थाची खूण होतीच. मी तिला या अटीबद्दल विचारलं. तिने मनापासून ऐकलं, तिलाही ती अट आवडत नव्हती, पण शेवटी म्हणाली, ‘इथे त्यांना थांबवायचं असेल तर आम्हालाच मत द्यायला हवं ना?’ हे माझंच वाक्य होतं. तीन निवडणुका मी या पक्षाला मत दिलं आणि मला काय हवं आहे हे त्यांना कधी कळलंच नाही. मतमोजणीत माझं मत आणि त्यांच्या कट्टर समर्थकाचं मत एकाच गठ्ठ्यात जातं. जे मत काही न मागता मिळतं, त्याची कुठलाच पक्ष चिंता करत नाही.

हे मला ज्या उदाहरणाने पटलं ते माझ्या आवडीचं नाही. 2013 च्या जानेवारीत हुजूर पक्षाचे पंतप्रधान कॅमेरून यांनी युरोपीय संघातून बाहेर पडण्यावर सार्वमताचं वचन दिलं. बाहेर पडा म्हणणाऱ्या यूकिप पक्षाचा तेव्हा कॉमन्समध्ये निवडून आलेला एकही खासदार नव्हता. 2015 मध्ये 38 लाखांवर मतं मिळूनही त्यांना जागा मिळाली एक. आमच्या भाषेत ती सगळी मतं वायाच गेली. पण 2016 साली देश युरोपबाहेर जायला निघाला. हुजूर पक्षाला भीती जागांची नव्हती, आपल्याकडून निघून चाललेल्या मतदारांची होती. ब्रेक्झिटचं दुःख मला आजही आहे, तरी ही गोष्ट खरी आहे.

शंकाही होत्या. विद्यापीठांची फी वाढू देणार नाही असं लिहून देणारे याच लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे लोक 2010 मध्ये सत्तेत गेले आणि फीची मर्यादा 9,000 पौंडांवर गेली, हे मी विसरलेले नाही. शिवाय 2024 मध्ये त्यांना मिळालेल्या 72 जागांत, ठिकठिकाणी हुजूर पक्षाला पाडण्यासाठी मनाविरुद्ध त्यांना मत देणाऱ्या मजूर समर्थकांचा मोठा वाटा आहे. मी सोडली तीच रीत त्यांच्या कामी आली. त्या मतदारांना मी नावं ठेवणार नाही.

‘आपल्या लोकांनी कुणाला मत द्यायचं’ अशी चर्चा इथल्या भारतीय मंडळींत दर निवडणुकीला होते. मला मुंबईचे तिघे पारशी आठवतात: 1892 मध्ये फिन्सबरीतून लिबरल म्हणून निवडून आलेले दादाभाई नौरोजी, 1895 मध्ये बेथनल ग्रीनमधून हुजूर पक्षाचे मंचरजी भावनगरी आणि पुढे बॅटरसीचे कम्युनिस्ट शापूरजी सकलातवाला. एकाच शहरातले तिघे, तीन पक्षांचे; ‘आपल्या लोकांचा’ एकच पक्ष तेव्हाही नव्हता. दादाभाईंचं मताधिक्य तर इतकं थोडं की ते हाताच्या बोटांवर मोजता यावं.

4 जुलैला मी लिबरल डेमोक्रॅट उमेदवारापुढे फुली मारली. दुसऱ्या दिवशी निकाल कळला. हेंडनमध्ये मजूर पक्ष 15 मतांनी जिंकला होता, देशातला सगळ्यात लहान फरक. मैत्रिणीचा फोन आला, ‘अगं, पंधरा! तुझ्यासारख्या आणखी सोळा जणी असत्या तर?’ पोटात गोळा आला, हे कबूल करते. हुजूर पक्ष जिंकला असता तर त्या रात्री मला झोप लागली नसती. तरीही मी तेच केलं असतं. पंधरा मतांच्या काठावर उभ्या असलेल्या पक्षाला एक मत सोडून गेल्याचं जेवढं जाणवेल, तेवढं हजारोंनी जिंकणाऱ्याला जाणवणार नाही. मैत्रिणीला हे पटलेलं नाही. ती म्हणते, हा जुगार आहे आणि तो इतरांच्या जिवावर खेळला जातो. तिच्या या बोलण्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही.

निकालानंतर आमच्या नव्या खासदारांना मी पत्र लिहिलं. मतदारसंघाचा पत्ता घातला, आधी तीन वेळा तुमच्या पक्षाला मत दिलं आणि या वेळी का दिलं नाही, तेही लिहिलं. ती रक्कम 18,600 वर परत आणा, पुढच्या वेळी माझं मत तुमचं.