ज्यूरीची भाषा

जोसेफ बॅप्टिस्टा हे नाव आपल्या घरांतून आज फारसे निघत नाही. माझगावच्या माथारपाखाडीतले हे कॅथलिक बॅरिस्टर, लोकमान्य टिळकांचे स्नेही. १९०८ च्या जुलैमध्ये ‘केसरी’तील लेखांबद्दल टिळकांवर राजद्रोहाचा खटला उभा राहिला आणि सरकारने खास ज्यूरी मागितली. बॅप्टिस्टांनी त्या मागणीला विरोध केला. अशा ज्यूरीत बहुतेक युरोपियनच येणार आणि त्यांना मराठीचा गंध नसणार, हा मुद्दा होता. न्यायमूर्ती दावर यांनी तो मानला नाही. सात युरोपियन व दोन पारशी ज्यूरीत बसले. मराठी लेखांचा निवाडा इंग्रजी भाषांतरावरून होऊ लागला. टिळक एकवीस तासांहून अधिक बोलले; त्यातला बराच वेळ शब्दांचे अर्थ सांगण्यातच गेला. निकाल सात विरुद्ध दोन. टिळक मंडालेला गेले.

आपल्यासारख्या माणसांनी आपला निवाडा करावा, हा ज्यूरीचा हक्क. पण आपल्यासारखा कोण? आमच्या मते, ज्याला आरोपीचा शब्द दुभाष्यावाचून कळतो तो. आमचा धाराशिव जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीची भाषा उर्दू. टिळकांना निदान बॅप्टिस्टा तरी होते!

पुढे १९५९ मध्ये नौदल अधिकारी नानावटी यांना ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयाने मात्र त्यांना जन्मठेप दिली. त्या खटल्यानेच ज्यूरी संपली असे लोक सांगतात, पण विधी आयोगाने १९५८ मध्येच तशी शिफारस केली होती. १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागा उरली नाही. वर्तमानपत्रे वाचून मत बनविणारे नऊ जण आम्हांलाही नकोत. तरी ज्यूरीपुढे न्यायाधीशांना कायदा साध्या माणसाला कळेल असा उलगडून सांगावा लागे, ते बंधनही तिच्याबरोबर गेले.

आता तालुक्याच्या न्यायालयात मराठी चालते. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच आहे. मध्यंतरी उमरगा तालुक्यातले एक शेतकरी मुलाच्या अपिलाचे निकालपत्र घेऊन आमच्याकडे आले. मामला बांधावरच्या मारामारीचा. शिक्षा कायम झाली हे त्यांना वकिलांनी सांगितलेच होते; का झाली, ते त्यांना ऐकायचे होते. आम्ही ओळ वाचून मराठीत सांगू लागलो. तिसऱ्या पानावर त्यांनी आम्हांला थांबविले. “फादर, म्या साक्षीत ‘ढकललं’ म्हणलो होतो. त्याला इंग्रजीत काय लिव्हलंय?”