हात वर करा!

लोकलमधली कडी धरायला हात वर गेलाच नाही, त्या दिवशी टरकले. फ्रीलान्सरला सिक लीव्ह नसते, बॉस! रोटेटर कफचा टेंडन दुखावला होता. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी मी चक्क माळ्यावरची बॅग उतरवली. सहा आठवड्यांनी दुखणं परत हजर.

‘अजून एक द्या ना.’

‘अगं, यानं दुखणं दबतं, टेंडन भरून येत नाही. सारखं घेतलंस तर तो आणखी कमकुवत होईल.’

मग पीआरपी? म्हणजे आपलंच रक्त मशिनमध्ये फिरवून त्यातल्या प्लेटलेट्स खांद्यात टोचायच्या. महागडं प्रकरण, आणि गुण येईलच याची खात्री नाही. ‘घे गं, पैसे मी देते,’ आई म्हणाली. तिची एफडी मोडून! नको म्हटलं.

आता रोज रबरी पट्टा ओढते. काल हात कानापर्यंत गेला. कडी अजून लांब आहे.