बिनदिंडीची वाट

आमच्या भागात रस्त्यानं एकट्या पायी चालणाऱ्या माणसाला दोनच प्रश्न विचारतात. नवस बोलला होता का, आणि गाडी बंद पडली का. घाटनांदूरहून अंबाजोगाईच्या रस्त्यानं पाठीवर सॅक टाकून मी पहाटे चालायला लागलो, तेव्हा हे दोन्ही प्रश्न रोज झेलावे लागले. जुने विद्यार्थी मोटारसायकल थांबवून म्हणायचे, "कुठं चाललाव गुरुजी? बसा की गाडीवर." नको म्हटलं की पोरं गप्प व्हायची. निवृत्त मास्तर, पायात महागडे बूट, पाठीवर ओझं, आणि गाडीवर बसायला तयार नाही. घरी काहीतरी बिनसलंय, एवढाच अर्थ त्यातून निघत होता. एकानं तर आमच्या मंडळींना फोन करून विचारलंसुद्धा, "काकू, सर कुठं निघालेत माहीत आहे का?"

सॅकमध्ये ज्वारीची पिशवी असायची. सराव चालला होता. लेक नोकरीनिमित्त नेदरलँडला, आयंदहोव्हनला असते. तिच्याकडं गेलो असताना तिच्या शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी भिंतीवरचं लॅटिनमधलं प्रमाणपत्र दाखवून स्पेनच्या कामिनोबद्दल सांगितलं. फ्रान्सच्या सीमेवरून निघायचं, पिरेनीज डोंगर ओलांडायचा आणि सारा उत्तर स्पेन पायी तुडवत पश्चिमेकडच्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या गावी पोचायचं. येशूचा शिष्य संत याकोब याची समाधी तिथल्या मोठ्या चर्चमध्ये आहे, अशी श्रद्धा. अंतर साधारण ७८० किलोमीटर.

आकडा ऐकून मी हसलोच. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला जाते ती वाट जवळपास एवढीच भरते. ती परळीवरून अंबाजोगाईला येते, तेव्हा आमच्या गावचे लोक दर्शनाला जातात. नोकरीत असताना रजा काढून मी परळीपासून पुढं पंढरपूरपर्यंत चाललेलो. त्यामुळं अंतराचं भय नव्हतं. मला वाटलं, वारीच आहे, फक्त देव वेगळा.

तयारीतलं खरं काम कागदांचं. स्पेनच्या व्हिसासाठी मुंबईच्या खेपा, किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेचे उतारे. "फिरायला" या रकान्यात "पायी" लिहिल्यावर खिडकीतल्या मुलीनं मान वर करून पाहिलं. ओझ्याचा एक जुना दंडक आहे, स्वतःच्या वजनाच्या दहाव्या हिश्शापेक्षा सॅक जड नको. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी आणि घाटनांदूरच्या शिवारातला एक काळा खडा धरून मी त्यात कसाबसा बसलो. खडा पाहून मंडळी म्हणाल्या, "तिकडं दगडं मिळत नाहीत का?"

सेंट-जाँ-पिए-द-पोर हे निघायचं गाव. तिथल्या यात्रेकरूंच्या कचेरीत एक घडीचं पुस्तक देतात. त्यावर रोजच्या मुक्कामाचा शिक्का घ्यायचा. सॅकला शिंपला बांधायचा, ती यात्रेकरूची खूण. पहिल्याच दिवशी साडेबाराशे मीटरच्या आसपास चढ अंगावर येतो आणि खिंड ओलांडून रोंसेस्व्हायेसच्या मठात मुक्काम. बालाघाटाच्या डोंगरात वाढलेल्या माणसाला चढाचं कौतुक नसतं. पण मेच्या सुरुवातीला तोंडावर बर्फगार वारा घेऊन चढायची सवय कुणाला? वर धुकं इतकं की दहा पावलांवरच्या मेंढ्यांच्या फक्त घंटा ऐकू येत होत्या.

मुक्कामाच्या जागेला आल्बेर्गे म्हणतात. एका दालनात वीस, तीस, कधी शंभर माणसं, एकावर एक पलंग. रात्री दहाला दिवे बंद. एका ठिकाणी एकच रात्र, सकाळी आठच्या आत बाहेर. दर दहा-पंधरा युरो, आणि काही ठिकाणी दरच नाही. पेटीत जमेल ते टाका. हे सगळं मला ओळखीचं वाटलं. घोरणंसुद्धा.

वेगळं होतं ते दिवसाचं चालणं. दिंडीत माणूस स्वतःच्या पायांनी चालतो असं वाटतं, पण खरं तर त्याला पुढची पताका ओढते आणि मागचा टाळ ढकलतो. सामान गाडीत असतं. किती वाजता उठायचं, कुठं जेवायचं, कुठं बसायचं, सगळं ठरलेलं. कामिनोवर प्रत्येक जण आपापला. झाडावर, भिंतीवर, दगडावर पिवळा बाण दिसला की वळायचं. वाटेत कुणी ओलांडून गेलं तर "बुएन कामिनो" म्हणतं, म्हणजे वाट सुखाची होवो, आणि पुढं निघून जातं. मी हरिपाठ म्हणून पाहिला. धृपद म्हणून थांबायचो आणि मागून ते उचलणारं कुणी नसायचं. तसा अभंग अर्धाच राहतो. पाम्प्लोना मागं टाकेपर्यंत पाय रुळले होते, पण जीव लागत नव्हता. हे मी फोनवर लेकीला सांगितलं नाही.

मन रमवायला गोष्टी भरपूर. सांतो दोमिंगो दे ला काल्सादा या गावच्या चर्चमध्ये, आत, एका जाळीमागं जिवंत कोंबडा-कोंबडी पाळलेली आहेत. निरपराध यात्रेकरू पोराला फाशी दिलं, तो संताच्या कृपेनं जिवंतच राहिला. न्यायाधीश म्हणाला, तो जिवंत असेल तर माझ्या ताटातली भाजलेली कोंबडीही उठेल. आणि ती उठून आरवली. बरोबरचा एक जर्मन इंजिनिअर ही गोष्ट ऐकून तोंड वाकडं करत होता. मी मात्र पैठणच्या शेजारचा. रेडा वेद बोलला तर कोंबडीनं आरवायला काय हरकत आहे?

बुर्गोस सोडलं की मेसेता लागतो. सरासरी आठशे मीटर उंचीवरचं हे पठार लेऑनपर्यंत आठवडाभर संपत नाही. झाड नाही, सावली नाही, नुसता गहू आणि आभाळ. गाइडबुकं याला कंटाळवाणं म्हणतात. बरेच लोक बुर्गोसला बस पकडतात आणि थेट लेऑनला उतरतात. माझ्या डाव्या-उजव्या पलंगावरचे दोघेही तसेच गेले.

मी तिथं पहिल्यांदा नीट श्वास घेतला. ती मोकळी जमीन, एक गाव मागं टाकलं की दोन तासांनी क्षितिजावर दिसणारं पुढच्या गावाचं टोक, आणि जवळ गेल्यावर मातीची घरं. खरोखरची, कच्च्या विटांची, वर मातीचा गिलावा, गवताच्या काड्या दिसणारा. आमच्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांच्या भिंती अशाच पोपडे धरतात. फ्रोमिस्ताच्या अलीकडं गोल-चौकोनी मातीचे मनोरे दिसले. ते कबुतरांसाठी बांधलेले. मांस मिळायचं आणि विष्ठेचं खत शेतात जायचं. मी एका पडक्या मनोऱ्यात जाऊन भिंतीतले कोनाडे बघत बसलो. रस्त्यानं जाणारी एक फ्रेंच बाई "हरवलात का?" म्हणून विचारून गेली.

गावं मात्र ओस. सकाळी अकरा वाजता गल्लीत एक म्हातारा आणि एक मांजर. दारांना कुलपं, शाळा बंद. माणसं माद्रिदला, बार्सेलोनाला गेली ती तिकडचीच झाली. आमच्याकडंही दिवाळीनंतर वाड्या-तांड्यांवर असंच दिसतं. मुकादमाची उचल घेतलेली माणसं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि घरी म्हातारी तेवढी उरतात. पण ती उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात. पाठीवर ओझं घेऊन शेकडो किलोमीटर जाणं याला आम्ही सहल म्हणत नाही, याची आठवण मला त्या गव्हात वारंवार झाली. मी युरो मोजून जे कष्ट विकत घेत होतो, ते आमच्या तालुक्यातली कितीतरी माणसं टाळता आले तर टाळतील. यावर माझ्याकडं उत्तर नाही, आणि असल्याचा आवही आणत नाही.

कारिऑन दे लोस कोंदेस या गावी सांता मारिया चर्चच्या आल्बेर्गेत उतरलो. तिथं संध्याकाळी नन्स गिटार घेऊन बसतात, गाणी म्हणतात आणि मग प्रत्येक यात्रेकरूला आपल्या भाषेत काहीतरी म्हणायला लावतात. एका कोरियन जोडप्यानं गायलं, एका इटालियन पोरानं बेसूर गायलं, माझी पाळी आली. मी नुसता विठ्ठलाचा गजर धरला, टाळ्यांवर. पहिल्यांदा एकट्याचाच आवाज. मग सर्वात तरुण ननला ठेका सापडला, तिनं गिटारवर ताल धरला, आणि दुसऱ्या फेरीला सगळ्या ओसरीनं उचललं. "विठ्ठल"मधला "ठ्ठ" एकालाही जमत नव्हता. जमला नाही तरी गजर थांबेना. त्या रात्री स्वयंपाकघरात मी पिठलं केलं. हरभऱ्याचं पीठ स्पेनमधल्या दुकानात सहज मिळतं, कढीपत्ता तेवढा नव्हता.

कारिऑनच्या पुढं सतरा किलोमीटर गाव नाही. जुन्या रोमन रस्त्यावरून सरळ रेषेत चालायचं. ऊन चढलं होतं. मागून पावलं वाजली, कोरियन नवरा-बायको मला ओलांडून जाताना त्यांनी हात वर केला आणि "बुएन कामिनो"च्या जागी "विट्टल!" म्हणाले. पुढं लेऑनपर्यंत हे असंच चाललं. माझी दिंडी तयार झाली होती, दोन-दोन किलोमीटरांच्या अंतरानं पांगलेली.

उरलेली वाट भरभर गेली. क्रूस दे फेर्रोला उंच खांबावर लोखंडी क्रूस आहे. त्याच्या बुडाशी लोक घरून आणलेले दगड ठेवतात. तिथं आमच्या शिवारातला खडा टाकला. ओ सेब्रेइरो या डोंगरमाथ्यावरच्या गावात एलियास व्हालिन्या यांचा अर्धपुतळा आहे. हे तिथले धर्मगुरू. वाट जवळजवळ विसरली गेली होती, तेव्हा १९८४ मध्ये त्यांनी पिवळ्या रंगाचा डबा घेऊन झाडांवर-भिंतींवर बाण काढायला सुरुवात केली. १९८६ मध्ये सांतियागोला प्रमाणपत्र घेणारे अडीच हजारांच्याही आत होते. २०२४ मध्ये तो आकडा पाच लाखांना टेकला. एका डबाभर रंगानं केलेलं काम. मी पुतळ्याला नमस्कार केला. लोक बघत होते, बघू देत.

प्रमाणपत्राला शेवटचे शंभर किलोमीटर पायी पुरतात, म्हणून सारियापासून नुसती जत्रा. शाळांच्या सहली, छोट्या पिशव्या, मोठे स्पीकर. महिनाभर चालून आलेले त्यांच्याकडं नाकं मुरडतात. मला ते पटलं नाही. वाखरीपासून चालणाऱ्याला आपण वारकरी नाही म्हणत नाही.

सांतियागोच्या चौकात पोचल्यावर सगळे फरशीवर पाठ टेकून पडतात. मीही पडलो. मग विमानतळ. पूर्वी इथं आलेला माणूस तेवढंच अंतर चालत घरी परतायचा. शेगावची पालखी पंढरपूरहून आजही पायीच परत जाते. बाण एकाच दिशेला दाखवणारी वाट मला त्या बाबतीत अपुरी वाटली.

जूनमध्ये पालखी आमच्या भागात आली तेव्हा परळीपासून तिच्यात सामील झालो. सामान गाडीत, हात मोकळे. गावातला एक तरुण बरोबर होता, पुण्यात नोकरी करतो, त्याला कामिनोला जायचंय. चालता चालता विचारत होता. मी सांगितलं, नवे बूट घालून निघू नकोस, बोटांना व्हॅसलीन लाव, मोजे दुपारी बदल, शेंगदाण्याची चटणी जास्त ने. आणि बुर्गोस ते लेऑन बस कितीही स्वस्त असली तरी बसू नकोस. बीड जिल्ह्यातल्या माणसानं तर मुळीच नाही.