भंगारातले सूर

आमच्या घरात वाद्य म्हणावे असे काही नव्हते. आवाज मात्र दिवसरात्र होता. मालेगावात आमच्या मोहल्ल्यात घरांना लागूनच यंत्रमागांचे कारखाने होते. यंत्रमागाला आम्ही 'सांचा' म्हणतो. वीज असली की सांचे सुरू, आणि सांचे सुरू असले की बोलणे बंद. खटक-खटक, खटक-खटक! पाहुण्यांना रात्री झोप येत नसे. आमचे उलटे होते. मध्यरात्री वीज जाऊन शांतता झाली, की आम्हांला जाग येई.

माझे अब्बा तीस वर्षे सांच्यावर उभे राहिले. हळूहळू त्यांना कमी ऐकू येऊ लागले. कानाच्या डॉक्टरांनी कारण सांगितले. वर्षानुवर्षे मोठ्या आवाजात काम केले, की कानाच्या आतल्या नाजूक पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. आधी जातात ते उंच, बारीक आवाज. चिमण्यांची चिवचिव जाते, लहान मुलांचे बोलणे पुसट होते. ढोलासारखे खालचे आवाज त्या मानाने बराच काळ टिकतात.

मला टाकाऊ वस्तूंपासून वाद्ये बनवण्याचा छंद आहे. लोखंडी पाइप, तेलाचे डबे, सायकलच्या तारा, फुटक्या खुर्चीच्या फळ्या असे काहीही मी घरी आणतो. "हे वाद्य आहे की भंगाराचे दुकान?" असे अम्मी विचारते. तिचा प्रश्न अगदीच चुकीचा नाही.

पण पाइपाची गंमत पाहा. एक मीटर लांबीचा पाइप मधोमध दोरीने बांधून टांगला आणि त्यावर लाकडी दांडा मारला, तर 'थक्' एवढाच आवाज येतो. तोच पाइप दोन्ही टोकांपासून सुमारे साडेबावीस सेंटीमीटर अंतरावर बांधा आणि मध्यभागी मारा. आता तो देवळातल्या घंटेसारखा घुमत राहतो. पाइप वाजतो तेव्हा त्याचा मधला भाग आणि टोके हलत असतात. ही दोन ठिकाणे मात्र जवळजवळ स्थिर राहतात. तिथे दोरी बांधली, तर ती आवाजाच्या आड येत नाही.

दुसरी गंमत लांबीची. सतारीची तार निम्म्यावर दाबली, की वरचा सा मिळतो. पाइप अर्धा कापला, तर सूर एकदम दोन सप्तके वर जातो! वरचा सा हवा असेल, तर मीटरभर पाइपाऐवजी सुमारे ७१ सेंटीमीटरचा तुकडा घ्यावा लागतो. तुमच्याकडे जुना पाइप आणि कापायला करवत असेल, तर जरूर करून पाहा.

असे वेड जगात अनेकांना होते. अमेरिकेत हॅरी पार्च (१९०१–१९७४) नावाचा संगीतकार होऊन गेला. एका सप्तकात बारा सूर त्याला अपुरे वाटले. त्याने ४३ सूर मानले आणि ते वाजवण्यासाठी स्वतःच वाद्ये बनवली. प्रयोगशाळेतल्या काचेच्या मोठ्या बरण्या कापून त्याने त्यांचे वाडगे टांगले. तोफगोळ्यांची रिकामी पितळी नळकांडीही त्याने वाजवली. फ्रान्समध्ये बर्नार आणि फ्रान्स्वा बाशे या भावांनी १९५२ साली एक अजब वाद्य तयार केले. त्यात काचेच्या कांड्यांवर ओली बोटे फिरवतात आणि धातूच्या पत्र्यामुळे आवाज मोठा होतो. विजेची गरजच नाही. पुढे १९७० साली जपानमध्ये ओसाकाच्या जागतिक प्रदर्शनासाठी फ्रान्स्वा यांनी १७ ध्वनिशिल्पे उभारली. शिल्प म्हणून पाहायची आणि वाद्य म्हणून वाजवायची!

लांब कशाला जायचे? आपल्या मिरजेची सतार आणि तानपुरा सगळीकडे नावाजलेले आहेत. ती वाद्ये बनवणाऱ्या घराण्यांचे पूर्वज शिकलगार होते. ते तलवारींना धार लावत, शस्त्रे घडवत. शस्त्रांचे दिवस सरले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात त्यांनी भोपळा आणि लाकूड हाती घेतले.

एकदा मी आठ पाइप उतरत्या लांबीने टांगले आणि अब्बांना समोर बसवले. सर्वांत लहान पाइपापासून सुरुवात केली. पहिला वाजवला, दुसरा वाजवला, तिसराही वाजवला.

"अरे, वाजव ना आता!" अब्बा म्हणाले.

मी काही बोललो नाही. पुढचे वाजवत गेलो. सहाव्या पाइपाला त्यांनी मान वर केली. आठव्याला म्हणाले, "हां, हा आला."

त्या दिवसापासून मी बारीक सुरांच्या मागे लागणे सोडले. दोन मीटरची एक जाड फळी घेतली. तिच्या एका टोकाला तेलाचा पंधरा किलोचा रिकामा डबा पक्का बसवला आणि त्यावरून सायकलच्या ब्रेकची लांब तार ताणली. तार छेडली, की डबा गुरगुरतो. अब्बा डब्यावर तळहात ठेवून बसतात. कानाला जे कमी पडते, ते हाताला कळते. पहिल्याच दिवशी त्यांनी तार बोटाने दाबून पाहिली आणि म्हणाले, "ताणा सैल आहे." कापडाचा ताणा त्यांनी आयुष्यभर असाच हाताने तपासला होता. त्यांनी सांगितले तेवढी तार मी आवळली. आवाज खरोखरच भरदार झाला.

भंगारात मला सांच्याचा एक जुना धोटाही मिळाला होता. गुळगुळीत लाकूड आणि टोकांना लोखंडी टोप्या. त्याचे काहीतरी बनवावे, असे माझ्या मनात होते. अब्बांनी तो हातात घेतला, उलटसुलट केला आणि मला परत दिला. "हा नको," ते म्हणाले, "याचा आवाज मी पुष्कळ ऐकला."

धोटा पोत्यात गेला. सध्या मी दोन मीटर लांबीचा पाइप शोधतो आहे. तो मीटरभर पाइपापेक्षा दोन सप्तके खाली वाजेल. घरात तो टांगायला जागा नाही. गच्चीवर टांगावा लागेल आणि त्याला अम्मीची परवानगी अजून मिळालेली नाही.