आडनावातलं गाव

भारत आणि इस्रायलचा सामना झाला तर टाळ्या कुणाला? शाळेपासून ऐकते आहे, आज ऑफिसातही कुणीतरी विचारलंच. हसून वेळ मारून नेली. दिवेकर, पेणकर, रोहेकर अशा आम्हा बेने इस्रायलींच्या, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, आडनावांतलं गाव लोकांना कसं दिसत नाही, कोण जाणे!

पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, अशी आमच्यात आख्यायिका. पुढे कोकणात तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने 'शनवार तेली' म्हटलं. म्हणजे धर्म पाळल्यामुळेच गावात ओळख मिळाली. १९३७ साली डॉ. एलियाह मोझेस मुंबईचे महापौर झाले, तेव्हा निष्ठेचा हिशेब कुणी मागितला असेलसं वाटत नाही.

गंमत म्हणजे पुरावा मागितला गेला तो तिकडे. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींच्या लग्नांवर तिथल्या रब्बींनी शंका घेतली. लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे १९६४मध्ये तोडगा निघाला. आई अजून हे सांगताना चिडते. इथे महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला २०१६मध्ये. बाबांना त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र तो कागद हवा होता.

रविवारी मलिदा आहे. गोड पोहे, खोबरं, फळं, प्रेषित एलियाहू हन्नाबीची प्रार्थना. भाचा इस्रायलमधल्या लोदला नोकरीला निघालाय. "मावशी, दोन्ही देश ठेवता येतील ना?" म्हणतो. त्याला सांगितलं, भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, आधी ते नीट वाचून घे.