प्रभातचे पाच मालक

खातेगांव, जि. देवास

चि. गार्गीस,


तुझं पत्र परवा मिळालं. मुलांसाठी चित्रं हलवणाऱ्या कंपनीत तुला काम मिळालं, याचा मला किती आनंद झाला म्हणून सांगू! शाळेत तीस-बत्तीस वर्षं मुलांपुढे उभी राहिलेली बाई मी. मुलं कशानं हसतात आणि कशानं गप्प होतात, हे बघण्यात आयुष्य गेलं. तेच काम आता तू करणार.

पण पत्राच्या शेवटी तू जे विचारलंस, त्यानं मला दोन रात्री झोप नाही. तू लिहितेस, "आत्या, ऑफिसात सगळे म्हणतात की घरातल्या लहानथोरांनी एकत्र बसून बघावं असं काही देणारी डिस्नेसारखी कंपनी आपल्याकडे कधी झालीच नाही. खरं का हे?" नाही, गार्गी, हे खरं नाही. अशी कंपनी झाली होती. तीही मराठी माणसांनी काढलेली, आणि डिस्नेच्याच काळात. तुझ्या पणजीनं इंदूरला जाऊन तिचे सिनेमे पाहिले होते, आणि त्यांच्या गोष्टी या घराच्या ओटीवर कित्येक वर्षं चालल्या.

वॉल्ट आणि रॉय डिस्ने या भावांनी कंपनी काढली १९२३ साली. मिकी उंदराचा बोलका सिनेमा आला १९२८ मध्ये. पुढच्याच वर्षी, १ जून १९२९ रोजी, कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. भागीदार पाच: विष्णुपंत दामले, साहेबमामा फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर आणि सीताराम कुलकर्णी. भांडवल पंधरा हजार रुपये. पैसा कुलकर्ण्यांनी उभा केला, उरलेल्या चौघांनी आपले हात आणले.

ते हात कुठे तयार झाले, हे आधी समजून घे. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी होती. बाबूराव मूळचे चित्रकार, नाटकांचे पडदे रंगवणारे. सिनेमा काढायचा तर कॅमेरा हवा, आणि तो विकत घेण्याची ऐपत नाही, म्हणून त्यांनी कॅमेराच घडवला. त्या खटपटीत दामले होते. लोखंड, लाकूड, काच, वीज, जे समोर येईल ते उलगडून पाहायचं आणि पुन्हा जोडायचं, हा त्यांचा स्वभाव. फत्तेलाल कागलचे, चित्रकार. राजवाडा असो की झोपडी, भिंतीचा पोपडा कुठे उडालेला असेल, हे त्यांना बसल्या जागी दिसायचं. शांतारामबापू तिथे पोरसवदा वयात आले आणि पडेल ते काम करत दिग्दर्शन शिकले. या चौघांनी पेंटरांची कंपनी सोडून स्वतःचं काढलं, तेव्हा सेट कोण रंगवणार, कॅमेरा कोण धरणार, फिल्म कोण धुणार, हे प्रश्नच उरले नव्हते. मालक तेच आणि कारागीरही तेच.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, गार्गी. प्रभात वाढली ती मालक स्वतः कामाला हात लावत होते म्हणून, आणि तो हात सुटत गेला तशी ती बसत गेली.

याचा पुरावा आपल्या देवासनंच दिलेला आहे. आपलं खातेगांव तेव्हा होळकरांच्या राज्यात, पण देवास काही लांब नाही. देवासच्या थोरल्या पातीचे तुकोजीराव महाराज यांना कोल्हापूरच्या शाहू महाराजांची लेक दिली होती, राधाबाई, म्हणजे अक्कासाहेब महाराज. १९३३ साली प्रभात कोल्हापूर सोडून पुण्याला गेली, तेव्हा कोल्हापूरकरांच्या मनाला ते लागलं. अक्कासाहेबांचे भाऊ राजाराम महाराज यांनी कोल्हापूर सिनेटोन काढली आणि अक्कासाहेबांनी शालिनी सिनेटोन. देवासच्या राणीसाहेबांचा स्टुडिओ! तिथे खुद्द बाबूराव पेंटरांनी 'उषा', 'सावकारी पाश' आणि 'प्रतिभा' केले. राजघराण्याचा पैसा, प्रभातकरांचे गुरू दिग्दर्शनाला, आणि तरीही त्या दोन्ही कंपन्यांना प्रभातची उंची आली नाही. पैसा एकाचा आणि कला दुसऱ्याची, असा तो संसार होता. प्रभातमध्ये मात्र रात्री यंत्र बिघडलं तर मालकच त्यात डोकं घालून बसायचे.

आता वाढ कशी झाली ते सांगते. पहिला मूकपट 'गोपाळकृष्ण', त्याच वर्षी. कृष्णाच्या गोष्टीत मुलं आली, गायी आल्या, आणि मुलांबरोबर आयाही आल्या. मग 'उदयकाल'. शिवाजी महाराजांवरचा हा पट मुळात 'स्वराज्याचं तोरण' या नावानं येणार होता, सरकारी सेन्सॉरनं नाव बदलायला लावलं. मुलांना डोळ्यांसमोर ठेवून काढलेला 'राणीसाहेबा' अर्थात 'बजरबट्टू' याच काळातला. मग बोलपट आला आणि १९३२ मध्ये प्रभातनं 'अयोध्येचा राजा' काढला, मराठीत आणि हिंदीत. दोन्ही भाषांत काढायची ही रीत त्यांनी नीट विचार करून धरली. आपल्या माळव्यात प्रभातचं नाव पोचलं ते या हिंदी आवृत्त्यांमुळे. आपल्या शेजारच्या हिंदी बोलणाऱ्या घरांतसुद्धा.

'अयोध्येचा राजा'त तारामती होत्या दुर्गा खोटे. शिकलेल्या, प्रतिष्ठित घरातल्या. ही गोष्ट आज तुला साधी वाटेल. पण त्या काळी सिनेमात काम करणं राहू दे, तो बघायला जाणंसुद्धा पुष्कळ घरांतल्या बायकांना मना होतं. अशा घरातली बाई पडद्यावर तारामती झाली आणि थिएटरचं दार बायकामुलांसाठी उघडलं. तुम्ही ज्याला कौटुंबिक करमणूक म्हणता, तिला आधी कुटुंबाला घराबाहेर काढावं लागलं होतं. ते काम प्रभातनं केलं.

पुण्यातला स्टुडिओ तू पाहिलेला नाहीस म्हणून लिहिते. तिथे नट, गवई, सुतार, शिंपी, रंगारी सगळे महिन्याच्या पगारावर. आज यांची भूमिका मोठी, उद्या त्यांची. झाडू मारणाऱ्या माणसांतून नटी घडली, तीही कशी! 'संत तुकाराम'मधली आवली करणाऱ्या गौरीबाई कंपनीत हलक्या कामाला होत्या, गर्दीत उभ्या राहायच्या. दामले-फत्तेलालांनी त्यांच्यातली आवली ओळखली. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आभाळाकडे बघतो आणि ही बाई घरात काय शिजवायचं ते बघते. भांडते, शिव्या देते, म्हशीवर जीव लावते. त्या भांडणात केवढी माया आहे! जिला सिनेमातलं काही कळत नव्हतं अशी आपली आजी आवलीची बाजू घेऊन पुरुषांशी वाद घालायची, असं दादा सांगतो.

हा सिनेमा डिसेंबर १९३६ मध्ये मुंबईच्या सेंट्रलला लागला आणि एकाच थिएटरात ५७ आठवडे चालला. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल. कागलच्या मुसलमान चित्रकारानं देहूच्या वाण्याचं घर उभं केलं आणि वारकऱ्यांना त्यात काही परकं वाटलं नाही. त्यातलं एक गाणं शांताराम आठवल्यांनी अभंगाच्या चालीवर लिहिलं, तेही लोकांनी तुकोबांचंच म्हणून म्हटलं. पुष्पक विमान, आकाशातून ओसंडणारं धान्य, हे चमत्कार प्रभातच्या माणसांच्या यांत्रिक करामतीचे. आज तू संगणकावर करतेस तेच काम त्यांनी दोऱ्या, चाकं आणि कॅमेरा वापरून केलं.

आणि हो, तुझ्या कामाचंही एक बीज तिथेच आहे. १९३४ साली प्रभातनं 'जंबूकाका' नावाचं व्यंगचित्रपटाचं छोटं रीळ केलं होतं, कोल्ह्याचं. मिकीला अजून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा. पुढे ते काम त्यांनी वाढवलं नाही, याची मला फार हळहळ वाटते.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे, घरातल्या सगळ्यांनी बघायचं म्हणजे कुणाला काही बोचेल असं दाखवायचं नाही, असं तुमच्याकडे शिकवतात म्हणून. इथे मात्र माझं मन तयार होत नाही. प्रभातनं १९३७ मध्ये 'कुंकू' काढला. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून. म्हाताऱ्या वकिलाशी फसवून लग्न लावलेली नीरा त्याला नवरा मानायचं नाकारते. शांता आपटे आणि केशवराव दाते समोरासमोर. हे बघायला कोण बसलं होतं? ज्या घरांत अशी लग्नं लागली होती तीच घरं. सासू, सून आणि सासरा एका रांगेत. 'माणूस' १९३९ चा. त्याची नायिका वेश्या, नायक पोलीस शिपाई. 'शेजारी' १९४१ चा. हिंदू-मुसलमान शेजारी, त्यांच्यात बाहेरचा माणूस फूट पाडतो आणि शेवटी धरण फुटतं. देशात फाळणीची मागणी चाललेली असताना हे दाखवलं. त्याच्या हिंदी आवृत्तीत मुसलमान नट मजहर खान हिंदू म्हातारा झाले आणि गजानन जहागीरदार मिर्झा. कुटुंबानं एकत्र बसून बघायचं ते हे, असं त्या माणसांना वाटत होतं. घरात जे बोलता येत नाही ते पडद्यावर येई आणि परतताना टांग्यात घरातली माणसं त्यावर बोलत.

त्यानंतरचं लिहिताना हात जड होतो. धायबर आधीच बाहेर पडले होते. १९४२ मध्ये शांतारामबापू गेले आणि मुंबईला त्यांनी राजकमल कलामंदिर काढली. महायुद्धात कच्ची फिल्म सरकारच्या परवान्यावर मिळू लागली, सिनेमाच्या लांबीवर मर्यादा आली. त्याच वेळी युद्धातला काळा पैसा धंद्यात शिरला आणि एका सिनेमाचे वाटेल ते पैसे नटांना देऊ लागला. महिन्याच्या पगारावर घर चालवावं तसा स्टुडिओ चालवणाऱ्यांनी त्यापुढे काय करावं? 'रामशास्त्री' १९४४ चा, तोही उत्तम. पण जुलै १९४५ मध्ये दामले गेले. १९४६ च्या 'हम एक हैं'मध्ये देव आनंद पहिल्यांदा पडद्यावर आला. गुरुदत्तही तिथेच उमेदवारी करत होता. म्हणजे माणसं घडवण्याची ताकद शेवटपर्यंत होती, घडलेली माणसं ठेवून घेण्याची उरली नव्हती. १९५३ मध्ये कंपनी बंद झाली.

डिस्नेची कंपनी टिकली आणि प्रभात का टिकली नाही, याचं माझं उत्तर सांगते. १९२८ साली वॉल्ट डिस्नेच्या हातून ओस्वाल्ड नावाचा ससा गेला. चित्रं त्यानं काढवली, पण हक्क दुसऱ्याकडे निघाले. तेव्हापासून आपण जे निर्माण करतो त्याची मालकी त्यानं कधी सोडली नाही. भांडणं तिथेही झाली, १९४१ मध्ये त्याच्या चित्रकारांनी मोठा संप केला. पण मिकी कंपनीचा राहिला. प्रभातच्या भागीदारांनी कौशल्य एकमेकांत वाटलं, नफा वाटला, पण आपल्यामागून हे कोण आणि कसं चालवणार, याची सोय केली नाही. भागीदार गेला की त्याचा हात गेला, आणि शेवटी चित्रपटांचे हक्कही विकले गेले. दामल्यांचे चिरंजीव अनंतराव यांनी पुढे ते परत मिळवले म्हणून आपल्याला हे सिनेमे आज बघता येतात. तरीही २००३ मध्ये पुण्यात फिल्मच्या कोठीला आग लागली आणि प्रभातच्या मूळ रिळांतली पुष्कळशी जळाली. ते वर्तमानपत्रात वाचलं त्या दिवशी मी शाळेत नीट शिकवू शकले नव्हते.

वास्तू तेवढी वाचली. १९६० मध्ये सरकारनं तिथे फिल्म इन्स्टिट्यूट काढलं, आणि ज्या स्टुडिओत 'तुकाराम' झाला तिथे आजही मुलं शिकतात. पुण्याचं प्रभात टॉकीज १९३४ चं, त्याची जागा आपल्या इंदूरच्या सरदार किब्यांची. २०१४ मध्ये करार संपला आणि ते किबे घराण्याकडे परत गेलं, आता त्याचं नाव किबे लक्ष्मी.

तेव्हा मुंबईहून सुट्टी मिळाली की पुण्याला जा. इन्स्टिट्यूटमध्ये प्रभातचं संग्रहालय आहे, ते बघ. 'संत तुकाराम' आणि 'कुंकू' ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन बघ, मराठी न येणाऱ्यांनाही घे. आवलीचं भांडण कुणालाही कळेल. आणि दोन गोष्टी मला लिहून कळव: तू काढलेल्या चित्रांवर तुझं नाव लागतं का, आणि तुमच्या मालकांपैकी कुणाला स्वतः चित्र काढता येतं का.

दादाला आणि वहिनीला माझा नमस्कार सांग. दिवाळीत आलीस तर आपण नेमावरला नर्मदेवर जाऊ, सिद्धनाथाचं दर्शन राहिलंय तुझं.

तुझी,
आत्या